सुटलेलं पाणी

मुळशीच्या डोंगरांवर पडणारा पाऊस आपल्या मर्जीनं वाहिला असता तर पूर्वेला गेला असता. मुळेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि सरतेशेवटी बंगालच्या उपसागरात. पण टाटांनी मुळशीला धरण बांधलं, सह्याद्रीच्या पोटातून हे पाणी पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणच्या बाजूला, भिरा इथे त्याच्यावर टर्बाइन फिरवायला घेतली. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्याच्या आधी, १९२१ पासून, मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. जमिनी गेल्या, गावं पाण्याखाली गेली, मुंबईला वीज मिळाली. कोलाडच्या नदीवर मौजेसाठी उतरणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी ठाऊक असावं, असं मला वाटतं. आपण ज्या पाण्यावर नाव घालतो ते कुणाच्या शेतावरून आलंय, हे विसरून त्या पाण्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

वीज देऊन मोकळं झालेलं हे पाणी खाली रावळज्याला आणखी एकदा राबतं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात सुटतं. कोलाड, रोहा करत ही नदी रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. पाणी सुटतं ते विजेच्या गरजेनुसार, बहुधा सकाळी. म्हणून कोलाडचं राफ्टिंगही सकाळचं. ऐन मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे खडखडीत कोरडे पडलेले असताना, ही एक नदी सकाळी भरून वाहते आणि दुपार कलली की ओसरते. मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेल्या बसगाड्या काठावर येऊन थांबतात, लाइफ जॅकेटं चढवली जातात, रबरी तराफे पाण्यात ढकलले जातात आणि आरडाओरडा सुरू होतो.

या गलबल्यात एक लहानशी, रंगीत, प्लास्टिकची होडी असते. तिच्यात एकच माणूस. कमरेपासून खालचं अंग होडीच्या आत, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. तो तराफ्यांच्या पुढे जातो, खळाळाच्या शेवटाला एखाद्या खडकाआड वळून थांबतो आणि वर बघत राहतो. तराफ्यातून कुणी पाण्यात पडलं तर त्याच्यापर्यंत आधी पोहोचायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला सेफ्टी कयाकर म्हणतात. तराफ्यातल्या पर्यटकांच्या फोटोंत तो क्वचितच येतो. पण नदीशी खरा संवाद कुणाचा चाललाय हे पाहायचं असेल, तर नजर त्याच्यावर ठेवावी. त्याच्या हाताला घाई नसते. बाकीचे सहा-सहा जण मिळून पाण्याला झोडपत असतात आणि हा दोन-तीन वल्ह्यांत नदी आडवी ओलांडून जातो.

हे शिकायचं कसं, हा प्रश्न घेऊन मी कोलाडला गेले होते आणि नंतर ऋषिकेशलाही. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं: खळाळापासून लांब, संथ डोहात सुरुवात करायची.

तराफा आणि कयाक यांत मोठा फरक आहे. तराफ्यात आपण बसतो. कयाक अंगावर चढवावी लागते. बैठकीच्या दोन्ही बाजूंना कमरेला घट्ट बसतील असे फोमचे तुकडे असतात, मांड्यांना वरून आधार असतो, पावलं पुढच्या अडणीवर टेकवायची, पाठीला पट्टा. होडी आणि कंबर यांच्यात फट राहिली तर होडी आपलं ऐकत नाही. वरून निओप्रीनचा एक घेर कमरेला घालायचा आणि त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवायची. हा स्प्रे स्कर्ट. त्यामुळे आत पाणी शिरत नाही. त्याला पुढच्या बाजूला एक फासा असतो. तो बाहेर आहे ना, हे दर वेळी हातानं चाचपून बघायचं. डोळ्यांनी पाहून भागत नाही, कारण तो शोधायची वेळ येते तेव्हा डोळ्यांत पाणी असतं.

पहिला धडा उलटं होण्याचा. प्रशिक्षक छातीभर पाण्यात शेजारी उभा असतो. तो सांगतो, श्वास घे, पुढे वाक, कपाळ होडीच्या पुढच्या भागाकडे ने, आणि कलंड. होडी पालथी होते. नाकात पाणी जातं, हिरवट अंधार होतो, आणि पाय होडीत अडकलेत ही जाणीव एखाद्या झटक्यासारखी येते. शरीराला त्या क्षणी एकच सुचतं, डोकं वर काढायचं. नेमकं तेच करायचं नाही. पुढे वाकलेलंच राहायचं, दोन्ही हात होडीच्या बाहेरून वर नेऊन तिच्या पोटावर तीन थापा मारायच्या, म्हणजे जवळपासच्या कुणाला कळावं. मग हात होडीच्या तोंडाच्या कडेवरून पुढे सरकवत न्यायचे, फासा पकडायचा, पुढे आणि मग बाहेर ओढायचा. स्कर्ट सुटला की कडेवर हात रोवून पाय मोकळे करायचे आणि बाहेर यायचं. या सगळ्याला काही सेकंद पुरतात. पहिल्यांदा ते सेकंद फार लांबतात.

त्या तीन थापांचं महत्त्व मला उशिरा समजलं. त्या मदतीसाठी आहेतच, पण त्याहून जास्त त्या शिकणाऱ्याच्या मनासाठी आहेत. पाण्याखाली, पालथ्या अवस्थेत, ज्याला तीन थापा मोजून मारता येतात त्याची भीती आटोक्यात आलेली असते. मग पुढची पायरी: स्कर्ट न सोडता थापा मारून हात होडीच्या दोन्ही बाजूंना मागेपुढे हलवत थांबायचं. जोडीदार आपल्या होडीचं नाक त्या हातांत आणून देतो, आणि त्याचा आधार घेऊन कंबर फिरवून वर यायचं. इथे पहिल्यांदा कळतं की होडी सरळ होते ती कमरेनं. हातांचं काम फक्त टेकू देण्याचं.

यातूनच पुढे रोल. पालथं झाल्यावर वल्ह्याच्या एका फटक्यानिशी, कुणाच्याही मदतीशिवाय वर येणं. नवख्या माणसाला यात चमत्कार दिसतो. ज्या लोकांनी ही विद्या घडवली त्यांच्यासाठी तो जगण्याचा प्रश्न होता. कयाक आली आर्क्टिकच्या किनाऱ्यांवरून. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणून बसवत. अंगातला कातडी डगला होडीच्या तोंडाला बांधलेला. त्या पाण्यात होडीबाहेर पडणं म्हणजे मरण, त्यामुळे बाहेर पडण्याचा धडा त्यांच्याकडे नव्हता. होडीसकट वर येण्याचे मात्र अनेक प्रकार होते. वल्ह्यानं, नुसत्या हातानं, भाल्याच्या दांड्यानं. युरोपीय माणसाला हे साधलं ते बऱ्याच उशिरा. ऑस्ट्रियाच्या हान्स एदुआर्द पावलाता यानं ग्रीनलंडविषयीची वर्णनं वाचून, स्वतः प्रयोग करून १९२७ साली रोल जमवला. भिऱ्याचं वीजघर सुरू झालं त्याच वर्षी. तीनेक वर्षांनी गिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज मोहीमप्रमुख ग्रीनलंडला जाऊन प्रत्यक्ष तिथल्या शिकाऱ्यांकडूनच रोल शिकला. १९३२ मध्ये तो एकटाच कयाकमधून शिकारीला गेला आणि परतला नाही; रिकामी होडी तेवढी सापडली. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. रोल येतो म्हणून एकट्यानं पाण्यात जाऊ नये, हे त्याच्या आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

रोल अडतो तो डोक्यापाशी. माणसाचं डोकं चार-पाच किलोंचं. श्वासाच्या ओढीनं ते आधी वर आलं की तेवढं वजन पाण्याबाहेर उचलावं लागतं आणि अर्धी वर आलेली होडी पुन्हा कलंडते. म्हणून क्रम असा: आधी होडी, मग कंबर, मग खांदे, आणि डोकं सर्वांत शेवटी, तेही खांद्यावर पडल्यासारखं. प्रशिक्षक सांगतात, वर येताना वल्ह्याच्या पात्याकडे बघत राहा. नजर खाली पात्यावर राहिली की डोकं आपोआप खालीच राहतं. ताकदवान तरुणांना रोल उशिरा येतो आणि शांत डोक्याच्या माणसाला लवकर, असं दोन्ही ठिकाणी ऐकलं आणि डोहाच्या काठावर बसून पाहिलंही. दंडाच्या जोरावर वल्हं खाली दाबणारा पाण्यात आणखी खोल जातो.

पण माझ्या मते सुरुवातीचा खरा धडा यानंतर आहे, आणि त्याला होडी लागत नाही. तो धडा कुंडलिकेसारखा क्वचितच कुठली नदी देत असेल. दुपारनंतर पाणी ओसरतं तेव्हा काठावरून खळाळांशेजारी चालत जावं. पाणी पुन्हा केव्हा सुटणार हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय पात्रात मात्र पाऊल टाकू नये. सकाळी जिथे मोठी लाट उभी होती, तिथे आता पाण्याखालची कातळाची पायरी दिसते. जिथे पाणी गुळगुळीत फुगून वर येत होतं, तिथे पाठ वर करून बसलेला एक धोंडा. सकाळी जिथे सेफ्टी कयाकर थांबला होता, तिथे एक भलाथोरला काळा खडक आणि त्याच्यामागे वाळूचं छोटं पुळण. ती वाळू तिथेच का साचली याचं उत्तर तिथेच असतं: त्या जागी पाणी पुढे धावत नाही, मागे वळून खडकाकडे येतं. यालाच कयाकर एडी म्हणतात. नदीत थांबायच्या, दम घ्यायच्या, पुढचं बघायच्या जागा म्हणजे या एड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं की पुन्हा त्याच काठावर उभं राहायचं, आणि वरच्या पाण्याकडे बघत खालचा खडक ओळखायचा.

हळूहळू पाणी वाचता येऊ लागतं. दोन खडकांच्या मधून वाहणारं गडद, नितळ पाणी खालच्या दिशेला निमुळतं होत जातं, त्याचं टोक पुढे रोखलेलं असतं, ती वाट. टोक आपल्या दिशेला, म्हणजे वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. लाट एका जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून पुढे जातं; समुद्राच्या लाटेच्या बरोबर उलट. खडकावरून पाणी खाली कोसळतं आणि पुढे उसळून पुन्हा मागे येतं, तिथे होल तयार होतो. वरच्या अंगाने पाहताना त्याची दोन्ही टोकं पुढे, प्रवाहाच्या दिशेला वळलेली असतील, तर होल कडेनं बाहेर सोडतो. टोकं आपल्याकडे वळलेली असतील तर तो धरून ठेवतो. खडकावर आदळणारं पाणी उशीसारखं फुगून मागे येत असेल तर खडक भरीव आहे. फुगवटा दिसत नसेल, पाणी मुकाट खडकाखाली जात असेल, तर खडक खालून पोखरलेला आहे आणि त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. हे सगळं काठावर बसून, चहाचा पेला हातात धरून शिकता येतं. लोक मात्र ते सोडून सरळ होडीत बसायला धावतात, याचं मला वाईट वाटतं.

वाचलेलं पाणी अंगात उतरतं ते एडीतून प्रवाहात शिरताना. एडीतलं पाणी वर चाललेलं, प्रवाहातलं खाली, आणि दोन्हींच्या मध्ये एक थरथरती रेघ. होडीचं नाक ती रेघ ओलांडतं तेव्हा प्रवाह होडीला खालच्या अंगाला फिरवतो. या क्षणी खालच्या बाजूला कलायचं. घाटातल्या वळणावर दुचाकीस्वार आतल्या अंगाला झुकतो, तसं. घाबरलेलं शरीर मात्र उलटं करतं, वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्यापासून दूर न जाता त्याच्याकडे रेलतं. पाणी होडीच्या वरच्या कडेवर चढतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत होडी पालथी. नवशिक्यांच्या बहुतेक पालथ्या याच रेघेवर होतात. एकदा कल साधला की मग नदी आडवी ओलांडायची: नाक वरच्या अंगाला, थोडं तिरकं, आणि बाकीचं काम प्रवाहावर सोडायचं. सेफ्टी कयाकर दोन-तीन वल्ह्यांत पलीकडे जातो ते याच हिशोबानं.

पाण्याचा जोर किती असतो याचा अंदाज आपल्याला नसतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून पाण्यात पडलं तर करायचं काय हेही शिकवलं जातं: पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ, गुडघे किंचित वाकवून. वाहत्या, गुडघ्याच्या वरच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीही करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं की पाणी माणसाला पुढे ढकलून तोंडावर पाडतं आणि कंबरभर पाण्यातही माणूस बुडतो. झाडाच्या फांद्या, काठावरून पडलेलं झाड, अडकलेली जाळी, यांतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही.

आणि बंधारे. महाराष्ट्रात हे प्रत्येकाला सांगायला हवं. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे राज्यभर नद्यांवर आहेत. ते भरून वाहू लागले की त्यांच्यावरून पाणी एकसारखं, काठापासून काठापर्यंत एका सरळ रेषेत पडतं. उंची फारशी नसते, आवाजही फार नसतो. पण खाली पडलेलं पाणी उसळून पूर्ण रुंदीभर मागे, भिंतीकडे वळतं. नैसर्गिक खडकाच्या होलाला कुठेतरी फट असते, याला नसते. त्यात सापडलेली वस्तू बाहेर येते, पुन्हा भिंतीकडे ओढली जाते, पुन्हा खाली जाते. जगभरातले निष्णात कयाकर मोठमोठे धबधबे उतरतात, पण असा बंधारा दिसला की होडी खांद्यावर घेऊन काठानं चालत पुढे जातात. आपल्याकडची पोरं मात्र पहिल्या पुरात त्याच्यावरून उड्या टाकतात.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक आपण सगळ्यांनी फोनवर पाहिले. त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही. चढतं पाणी कसं दिसतं, नितळ पाणी गढूळ का होतं, वरून काटक्याकुटक्या वाहत येऊ लागल्या की काय समजायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे मुलांना पाण्यापासून लांब राहा एवढंच सांगितलं जातं. ज्या राज्यात प्रत्येक पावसाळ्यात माणसं ओढ्या-नाल्यांत जातात, तिथे पाणी वाचता येणं हा चार हौशी लोकांचा छंद राहू नये. थ्रो बॅग, म्हणजे पिशवीत भरलेला तरंगता दोर, काठावरून नेमका कसा फेकायचा, हे नदीकाठच्या प्रत्येक शाळेत शिकवता येईल. त्याला अर्धा दिवस पुरतो.

कुंडलिकेचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. जगभर पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. एक म्हणजे हलकी सळसळ, सहा म्हणजे जिथे जीवावर उदार होऊनच उतरायचं. पण प्रतवारी पाण्याच्या पातळीबरोबर बदलते. मार्चमधला दुसऱ्या श्रेणीचा खळाळ ऑगस्टमध्ये ओळखू येणार नाही.

यापुढचं शिक्षण बहुतेक जण ऋषिकेशला घेतात. गंगेचं पाणी बर्फाचं, थंडगार, आणि पात्र कुंडलिकेच्या कितीतरी पट रुंद. ब्रह्मपुरी, शिवपुरी, मरीन ड्राइव्ह, कौडियाला असे टप्पे वर वर जात कठीण होत जातात. ब्यासीजवळचा ‘द वॉल’ चौथ्या श्रेणीचा, तो नवख्यांसाठी नाही. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, तिथलं राफ्टिंग बंद असतं. मला तिथे सर्वांत जास्त भावली ती गंगेकाठच्या गावांतली मुलं. आधी तराफ्यांवर मदतनीस, मग सेफ्टी कयाकर, मग स्वतः शिकवणारे. कुठल्याही पुस्तकाशिवाय ती पाणी वाचतात.

उत्तरेकडे नदी बंद असते तेव्हा दक्षिणेत हंगाम सुरू होतो. केरळात कोळिकोडजवळच्या कोडंचेरी भागात, चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो आणि परदेशी कयाकरही तिथे येतात. गोव्यात सत्तरीतल्या म्हादईवर पावसाळ्यात उस्त्याहून सोनाळपर्यंत तराफे उतरतात. जंगलातून जाणारी ती वाट फार सुंदर आहे. ज्यांना शर्यतीची हौस आहे त्यांनी महेश्वरला जावं. अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोडं खाली सहस्रधारेला नर्मदा काळ्या कातळांतून असंख्य धारांत फुटते. परिक्रमेच्या निमित्तानं मराठी माणसं तिथे कधीपासून जाताहेत. आता तिथे पाण्यावर दोऱ्यांना पट्टेरी दांडे टांगून स्लॅलम होतं. २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतलं स्लॅलम तिथेच झालं. हिरवे-पांढरे दांडे प्रवाहाबरोबर पार करायचे, लाल-पांढरे प्रवाहाविरुद्ध. दांड्याला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, दांडा चुकला तर ५०. लाल दांडे मुद्दाम एड्यांत टांगतात, त्यामुळे एडी ओळखता न येणारा तिथे टिकत नाही.

शिकायला जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवशी संथ पाण्यात उलटं होऊन बाहेर यायचं शिकवणार का? एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील? काठावर थ्रो बॅग घेऊन कुणी उभं असेल का? आणि एखादा खळाळ नको वाटला तर होडी उचलून काठानं चालत जायला कुणी हरकत घेईल का? पहिल्या दिवशीच थेट लाटांवर नेऊ, असं जो हसत सांगेल त्याच्याकडे जाऊ नये. उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देताना जो स्वतःहून होडीत बसवून कमरेचे फोम तपासायला लागेल, हेल्मेटचा पट्टा आवळून बघेल, पोहता येतं का आणि पाण्याची भीती किती वाटते हे विचारेल, त्याच्याकडे खुशाल जावं.